झारला गादीवरून बोल्शेविकांनी खाली खेचलं का?

‘ऑक्टोबर क्रांतीत बोल्शेविकांनी झारची सत्ता उलथवली’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की शंकाच येत नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

रशियाच्या झारने, म्हणजे सम्राटाने, गादी सोडली 15 मार्च 1917 ला. बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाने, सत्ता घेतली 7 नोव्हेंबरला. मध्ये जवळजवळ आठ महिने! मग त्यांनी उलथवलं कोणाला? झारनंतर आलेल्या हंगामी सरकारला. सप्टेंबरातच या सरकारने रशिया प्रजासत्ताक असल्याचं जाहीर केलं होतं. हिवाळी राजवाड्यावर चाल झाली तेव्हा आत या सरकारचे मंत्री बसले होते. झार कुटुंबासह दूर सायबेरियात, तोबोल्स्कला नजरकैदेत होता.

राजेशाही पडली ती तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) रस्त्यावर. 8 मार्चला, महिला दिनी, कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी बाहेर पडल्या, मागोमाग इतर कामगार आले आणि चार दिवसांत शहरातले सैनिकच त्यांना जाऊन मिळाले. बोल्शेविकांचे प्रमुख नेते लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होते, ते परतले एप्रिलमध्ये.

गोंधळ होणं साहजिक आहे. रशियाचं जुनं कॅलेंडर 13 दिवस मागे होतं, म्हणून मार्चातली क्रांती ‘फेब्रुवारी’ची आणि नोव्हेंबरातली ‘ऑक्टोबर’ची. शिवाय शाळेत दोन्ही एकाच धड्यात उरकतात.

पडताळायचं तर कुठल्याही विश्वकोशात फक्त दोनच गोष्टी पाहा: झारच्या पदत्यागाची तारीख आणि नोव्हेंबरात अटक झालेल्यांचे हुद्दे. ते मंत्री सापडतील, झार नाही.