एम३४०आय, सी४३ की एस५? गिअरबॉक्स बघून ठरवा

आधी कागदावरचे आकडे. शून्य ते शंभरला बीएमडब्ल्यू एम३४०आय ४.४ सेकंद घेते, मर्सिडीज-एएमजी सी४३ ४.६ आणि ऑडी एस५ स्पोर्टबॅक ४.८. तिघींचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ५०० न्यूटन-मीटर, तिघी फोर-व्हील ड्राइव्ह. एवढा फरक रस्त्यावर कुणाला कळत नाही. कळतं ते हे, की टॉर्क मिळतो कधी. एस५ चं व्ही६ इंजिन १,३७० आरपीएमपासूनच (मिनिटाला इंजिनचे फेरे) पूर्ण जोर लावतं, एम३४०आय साधारण १,९०० पासून ५,००० पर्यंत. सी४३ चं दोन लिटरचं इंजिन ४०८ पीएस ताकद देतं खरं, पण ५०० चा आकडा ५,००० आरपीएमला. टर्बोच्या शाफ्टवरची विजेची मोटर खालची उणीव बरीच भरून काढते. तरी बोरघाटात ट्रक मागे टाकायचा तर ही गाडी गिअर उतरवणारच.

खरा फरक गिअरबॉक्समध्ये

एम३४०आय आणि एस५ मध्ये आठ गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक आहे, म्हणजे इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जातो. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा घसरण तेलात होते, क्लच झिजत नाही. रोज ट्रॅफिकमधून जाणाऱ्याला आम्ही हाच सुचवतो. सी४३ च्या नऊ गिअरच्या एमसीटी या ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच आहे. प्रतिसाद जास्त करकरीत, पण गर्दीत अर्धवट ब्रेक धरून सरकत राहिलात की तोच क्लच तापतो. पुढे जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका.

बजेट कमी असेल तर स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस येते. आरएस २३० ला सहा गिअरचा आणि आरएस २४५ ला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे, दोन्ही ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचे. साध्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाच्या कोरड्या क्लचची बदनामी यांच्या माथी मारू नका. मात्र २३० च्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदललेच पाहिजेत. क्लचची झीज त्याच तेलात उतरते आणि मेकॅट्रॉनिकचे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या युनिटचे, व्हॉल्व्ह अडकवते.

‘लाइफटाइम’ तेल

एम३४०आयच्या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं, असं सांगितलं जातं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. आम्ही झेडएफचं ऐकतो. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅन आख्खा बदलावा लागतो आणि बिल फुगतं. त्यात वाचवायला जाऊ नका.

चूक बहुधा तेलाची लेव्हल बघताना होते. तेल ३० ते ५० अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, गिअरच्या सगळ्या पोझिशन फिरवून लेव्हल बघायची. तेल जास्त तापलं की फुगतं, जास्तीचं समजून वाहून जातं आणि गार झाल्यावर कमी भरतं. मग ‘डी’ टाकला की गाडी उशिरा उचलते, वळणावर झटका देते.

जुनी गाडी घेताना

इंजिन पूर्ण गार असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. ‘आर’ मधून ‘डी’ मध्ये टाकून किती वेळ लागतो ते बघा. वीस मिनिटं गर्दीत चालवून पुन्हा तेच करा. डीएसजी सुटताना थरथरत असेल तर भाव ठरवण्याआधी तेलाची पावती मागा.

गिअरबॉक्सचं तेल बदलायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा. रात्रभर गार झाल्याशिवाय आम्ही लेव्हलला हात लावत नाही.