मागचं पाणी, पुढचं मीठ

उताराच्या अंगणातली माती अडवणारी भिंत ढासळते ती बहुधा पावसात. वर्षानुवर्षं मुकाट उभी असलेली भिंत झडीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुढे झुकते, मधोमध तिला पोट सुटतं आणि सकाळी ती मातीसकट खालच्या अंगणात आलेली असते. मग बोल लागतो मातीच्या वजनाला. पण माती आधीही तेवढीच होती. वाढलं होतं ते मातीतलं पाणी.

मातीच्या रेट्याचा हिशेब करायची रीत शार्ल कुलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं घालून दिली. विद्युतभारांच्या नियमामुळे शाळेत भेटतो तो ‘कूलोम’ हाच. विजेकडे वळण्याआधी त्याची आठेक वर्षं मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात गेली होती. १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यानं जो निबंध मांडला, त्यात भिंतीमागच्या मातीचा विचार होता. भिंतीवर सगळा उतार रेलत नाही, रेलते ती पाचरीसारखी एक फाक. बाकीची माती कणाकणांतल्या घर्षणावर स्वतःला सावरून धरते, असं त्याचं म्हणणं. म्हणूनच कोरडी वाळू जेवढी खाली दाबते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच बाजूला ढकलते. पाण्याला असलं घर्षण नाही. ते जेवढं खाली दाबतं तेवढंच आडवंही.

२ मीटर उंचीची भिंत घ्या आणि तिचा १ मीटर लांबीचा तुकडा डोळ्यापुढे आणा. मागे कोरडी वाळू असेल तर या तुकड्यावरचा रेटा साधारण १.२ टन. तीच वाळू माथ्यापर्यंत पाण्यानं भरली की तो जातो २.७ टनांच्या आसपास. गंमत म्हणजे पाण्यात बुडाल्यावर वाळूचा स्वतःचा रेटा उलट घटतो, कारण तिचे कण पाण्यात हलके होतात. त्या २.७ टनांतले जवळजवळ २ टन निव्वळ पाण्याचे असतात. माती अडवायला बांधलेल्या भिंतीचं आपण नकळत धरण करून टाकतो, आणि ती काही धरणाच्या मापानं बांधलेली नसते.

उंचीचं गणितही असंच फसवं. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट, कारण रेट्याला आता तरफही लांब मिळते. यातून सुटायचा जुना मार्ग म्हणजे टप्पे पाडणं: २ मीटरच्या एका भिंतीऐवजी १ मीटरच्या दोन. मात्र वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मागे हवी. लगटून बांधली तर तिचा भार खालच्या पाचरीवर येतो आणि दोन्ही मिळून पुन्हा एकच उंच भिंत झाल्यासारखं होतं. भिंतीच्या काठाशी उभी केलेली मोटार किंवा पाण्याची टाकीही हेच करते. मीटरभराहून उंच भिंत तर अंदाजानं बांधूच नये, अभियंत्याकडून आखून घ्यावी. इथे वाचवलेले पैसे नंतर मातीखालून काढावे लागतात.

तर मग पाण्याला वाट द्यायची. भिंतीच्या पाठीला लागून फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा, तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत. खडी २० मिलिमीटरच्या आसपासची, धुतलेली, चुरा नसलेली. तळाशी १०० मिलिमीटर व्यासाचा भोकं पाडलेला पाइप, १०० ला १ असा उतार देऊन, आणि त्याचं तोंड पाणी खरोखर निघून जाईल अशा जागी मोकळं. भोकं ठेवायची खाली तोंड करून. बहुतेकांना हे उलटं वाटतं. पण खडीत पाण्याची पातळी खालून वर चढते. भोकं खाली असली तर पाणी तळालाच पाइपात शिरतं. वर असली तर पाइप कामाला लागेपर्यंत पायाशी पाणी साचून राहतं. भिंतीतूनही दीड-दोन मीटर अंतरावर आरपार भोकं हवीत, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. आणि खडीच्या माथ्यावर चिकणमातीचा थर दाबून वर एक उथळ चर काढला, की अंगणावरून वाहणारं पाणी मुळात आत कमीच जातं.

किनाऱ्यालगत इथे एक जास्तीची अडचण येते. तिथली वाळू बारीक, जवळजवळ एकाच मापाच्या कणांची. एकमेकांना धरून ठेवायला तिच्यात चिकणमाती नाही. पाण्याबरोबर ती खडीतून सहज निसटते. काही कण खडीच्या फटीत अडकून निचरा तुंबवतात, काही भोकांतून बाहेर पडतात, आणि एक दिवस भिंत शाबूत असताना तिच्या मागच्या अंगणात भलामोठा खड्डा पडतो. आधुनिक मृदायांत्रिकीचा, म्हणजे मातीवरच्या बळांच्या शास्त्राचा, पाया घालणाऱ्या कार्ल टेरझागीनं यावर गाळणीचा नियम दिला. त्यातली युक्ती मला फार आवडते: गाळणीनं सगळे कण अडवायची गरजच नाही. तिच्या फटी मातीतल्या जाड कणांना अडवण्याइतक्या बारीक असल्या की पुरे. मग जाड कणांमागे मधले अडतात, मधल्यांमागे बारीक, आणि माती आपली गाळणी आपणच तयार करते. हल्ली हे काम बहुधा जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं आणि माती अडवणारं, कापड करतं. ते अंथरायचं खडी आणि माती यांच्या मध्ये. नुसत्या पाइपाला गुंडाळलं तर सगळा गाळ एवढ्याशा कापडावर येतो आणि ते लवकर बुजतं.

हे झालं मागच्या पाण्याचं. पुढून येतं मीठ. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि फुटणाऱ्या लाटांचे तुषार वारा आत घेऊन येतो. ताजं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी, त्याचा सामू १२.५ ते १३. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि तोच तिला गंजापासून राखतो. मिठातला क्लोराइड आयन काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचला की तो पापुद्रा फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा खातो, आणि काँक्रीट आतूनच तडकतं. तडा दिसतो तेव्हा आतलं दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

सळईवरचं काँक्रीटचं आवरण दुप्पट जाड केलं तर मीठ आत पोचायला ढोबळमानानं चौपट काळ लागतो. उंचीच्या हिशेबात दुपटीला चौपट या ज्या वर्गाच्या गणितानं आपल्याला छळलं, तेच इथे आपल्या बाजूनं उभं राहतं. म्हणून किनाऱ्यावर ५० ते ७५ मिलिमीटर आवरण ठेवतात. सिमेंटच्या वजनाच्या मानानं पाणी ०.४ ते ०.४५ पटीहून जास्त नको, आणि सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख) किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतल्या मळीचा असला तर काँक्रीटमधली छिद्रं आणखी बारीक होतात. समुद्राचं पाणी किंवा न धुतलेली समुद्राची वाळू सळईच्या काँक्रीटमध्ये घालणं म्हणजे शत्रूला आधीच आत घेऊन दार लावण्यासारखं आहे.

वीट आणि मऊ दगड यांचं मरण वेगळं. मागून ओल येते, पुढच्या तोंडावर वाळते, आणि पाण्यातलं मीठ छिद्रांत स्फटिक होऊन मागे राहतं. दर ओल्या-सुक्या फेऱ्यात स्फटिक वाढतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटत जातो. लोणा लागणं म्हणतात ते हेच. त्यावर घट्ट, पाणी न सोडणारा रंग फासणं हा सर्रास होणारा प्रकार आहे, आणि तो नुकसान वाढवतो. ओल थांबत नाही. फक्त मीठ आता रंगाच्या आड साचतं आणि रंगासकट ढलपे पाडतं.

सळईच नसली तर? रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना मिसळून बांधलेले बंदरांचे धक्के २००० वर्षांनंतरही पाण्यात आहेत. त्यात पोलाद नव्हतं, आणि समुद्राच्या पाण्याशी राखेची क्रिया होऊन आत नवे स्फटिकही तयार होत गेले. अंगणासाठी एवढा खटाटोप नको. कमी उंचीला चांगल्या टणक दगडाचा, सिमेंट न घालता रचलेला गडगा मला अजूनही सगळ्यांत शहाणा पर्याय वाटतो. पाया उंचीच्या निम्म्याहून रुंद, तोंड मागे, मातीच्या बाजूला थोडं कललेलं. गंजायला काही नाही, आणि पाण्याला फटीच फटी. तारेच्या जाळीत दगड भरलेली भिंतही अशीच झिरपती; पण नुसती जस्त चढवलेली तार खाऱ्या हवेत फार टिकत नाही, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण हवंच.

तिसरी वाट मातीलाच कामाला लावण्याची. आंरी विदाल या फ्रेंच अभियंत्याला किनाऱ्यावर वाळूच्या ढिगात पाइनची सुईसारखी पानं खुपसताना ती सुचली असं सांगतात. त्यानं १९६३ साली पेटंट घेतलं. भरावाच्या थरांमध्ये आडव्या पट्ट्या घातल्या की घर्षणामुळे माती त्यांना धरते, त्या मातीला धरतात, आणि तो सगळा जाडजूड ठोकळाच भिंत होतो. विदालच्या पट्ट्या धातूच्या होत्या. समुद्राजवळ प्लास्टिकची जाळी बरी. ती गंजत नाही, फक्त उन्हात उघडी राहता कामा नये. जाळी भिंतीच्या उंचीच्या निदान ६० ते ७० टक्के आत जायला हवी. भराव वीतभर जाडीच्या थरांनी दाबायचा, आणि भिंतीलगतच्या मीटरभरात जड यंत्र न्यायचं नाही, नाहीतर बांधतानाच भिंत पुढे सरकते.

ही सगळी चर्चा लाटा पोचत नाहीत तिथल्या भिंतींची. लाट सरळ भिंतीवर आपटली की परत फिरताना पायाखालची वाळू उकरून नेते. ते काम सागरी अभियंत्याचं.

भिंत पुरी झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तिच्या पुढे जाऊन उभं राहावं. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर मागून वाळू निघून चालली आहे. आणि धो-धो पावसात पाइपही कोरडा, भोकंही कोरडी असली, तर त्या भिंतीच्या खाली फार वेळ थांबू नये.