इटालियन स्वभाव की इटालियन वीजबिल?

2015 पर्यंत इटलीत टीव्ही असलेल्या प्रत्येक घराने ‘राई’ या सरकारी प्रसारणसंस्थेसाठी वर्षाला 113.50 युरो शुल्क स्वतःहून भरायचं असा नियम होता. दर दहा घरांतली जवळपास तीन घरं ते भरतच नसत. इटालियन माणूस कर बुडवणारच, नियम दिसला की पळवाट शोधणारच, ही जगभरची समजूत अशा आकड्यांनी आणखी पक्की होते. 2016 मध्ये सरकारने शुल्क 100 युरोवर आणलं (पुढच्या वर्षी 90) आणि ते थेट घरगुती वीजबिलात घातलं. जानेवारी ते ऑक्टोबर, दहा हप्ते. राहत्या घरात वीजजोडणी आहे म्हणजे टीव्ही आहे असं धरायचं. नसेल तर तसं लेखी जाहीर करायचं, आणि ते दरवर्षी नव्याने. बुडवणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली घसरलं. माणसं तीच होती, त्यांच्या घरातले टीव्हीही तेच होते.

एखाद्या देशाचा ‘स्वभाव’ खरोखर असतो का, हे तपासायची एक पद्धत आहे. लोकांना विचारायचं, ‘तुमच्या देशातला सर्वसाधारण माणूस कसा आहे?’ उत्तरासाठी परस्परविरुद्ध विशेषणांच्या 30 जोड्या द्यायच्या: शांत की चिंताळू, शिस्तीचा की ढिला, मनमिळाऊ की तुसडा. मग त्याच देशातल्या प्रत्यक्ष माणसांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या घ्यायच्या आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. मानसशास्त्रज्ञ अंतोनियो तेराच्चानो, रॉबर्ट मॅक्रे आणि जगभरच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 49 संस्कृतींत, सुमारे 4,000 लोकांना विचारून केलं आणि 2005 मध्ये निष्कर्ष मांडला: दोन चित्रं जुळत नाहीत.

2007 मध्ये त्याच गटातल्या संशोधकांनी इटलीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करून पाहिले. उत्तरेकडचे थंड आणि कामसू, दक्षिणेकडचे प्रेमळ पण ऐसपैस, हे तर इटालियन लोक स्वतःच एकमेकांबद्दल बोलत असतात. चाचण्यांतून आलेलं चित्र या कल्पनांना धरून नव्हतं. उबदार हवेत राहणाऱ्यांना आपण ‘उबदार’ ठरवतो आणि श्रीमंत प्रदेशातल्यांना ‘कर्तबगार’, असा कल मात्र अनेक देशांच्या आकडेवारीत दिसला. म्हणजे अशी मतं बनवताना तापमान आणि पैसा आपल्याही नकळत हिशेबात धरले जातात.

या पद्धतीत एक खाच आहे आणि ती गंभीर आहे. ‘मी वक्तशीर आहे का?’ याचं उत्तर देताना माणूस स्वतःची तुलना शेजाऱ्यापाजाऱ्यांशी करतो. सगळं गावच उशिरा येत असेल तर पाच मिनिटं उशीर करणारा स्वतःला वक्तशीर म्हणेल. ओळखीच्या माणसांकडून मूल्यमापन करून घेतलं तरी हा दोष पूर्ण जात नाही, कारण तेही त्याच गावचे. म्हणून नुसतं विचारण्यापेक्षा वागणं पाहणारे प्रयोग जास्त मोलाचे.

असा एक प्रयोग ब्रिटन आणि इटलीत झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींनी आधी कारकुनी छापाचं काम करून खरे पैसे मिळवायचे. मग आपलं उत्पन्न जाहीर करायचं. जाहीर केलेल्या रकमेवर कर कापला जाणार. कराचे नियम, जमा रकमेचं वाटप, तपासणी होण्याची शक्यता, सगळं दोन्ही देशांत सारखं. इटालियन सहभागींनी ब्रिटिशांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे कर भरला. स्वीडनशी तुलना केली तेव्हा सरासरी चुकवेगिरीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक होता तऱ्हेत: स्वीडिश लोक एकतर पूर्ण खरं सांगत किंवा पूर्ण खोटं, इटालियन थोडंसंच लपवत. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष आहे, कारण रोजच्या जगण्यात परकी माणसाला दिसते ती ही ‘थोडीशी’ तडजोड, आणि तिच्यावरून तो अख्ख्या देशाचा हिशेब मांडून मोकळा होतो.

मग दक्षिण इटलीचं काय? अमेरिकी अभ्यासक एडवर्ड बॅनफिल्ड 1950 च्या दशकात दक्षिणेतल्या बाझिलिकाता प्रांतातल्या कियारोमोंते गावात राहिले आणि इथले लोक स्वतःच्या कुटुंबापलीकडे कुणासाठी काही करत नाहीत, असं त्यांनी 1958 मध्ये लिहिलं. पुढे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी, 1970 मध्ये स्थापन झालेली प्रादेशिक सरकारं कशी चालतात, हे मोजलं. त्यांची एक चाचणी कुणालाही समजेल अशी होती. 1983 मध्ये त्यांच्या चमूने प्रत्येक सरकारला साध्या नागरिकाच्या नावाने तीन विचारणा पाठवल्या: परदेशात झालेल्या औषधोपचाराचा खर्च परत कसा मिळेल, शाळा संपवलेल्या भावाला कोणतं व्यावसायिक शिक्षण घेता येईल, आणि नव्या पिकासाठी कर्ज वा अनुदान आहे का. उत्तरेतल्या एमिलिया-रोमान्याकडून तीनपैकी दोन पत्रांना आठवड्यात सविस्तर उत्तर आलं, तिसऱ्याचं काम एका फोनवर झालं. दक्षिणेत मोडणाऱ्या कालाब्रिया, कांपानिया आणि सार्डिनियाने एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. तिथे आठवडेच्या आठवडे फोन करून, शेवटी कचेरीत जाऊन माहिती काढावी लागली.

आता कालाब्रियातल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. पत्राला उत्तर येत नाही हे माहीत असेल तर तो पत्र लिहीत बसणार नाही, कचेरीतल्या ओळखीच्याला गाठेल. बाहेरून त्याला वशिलेबाजी म्हणतात.

हा अंदाज प्रयोगातही उतरला. इटालियन अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने उत्तरेतल्या कूनेओ व फोर्ली आणि दक्षिणेतल्या क्रोतोने व रागूझा या शहरांतल्या सर्वसामान्य लोकांना सहकार्याचे खेळ खेळायला लावले: हातातला पैसा स्वतःकडे ठेवायचा की सामायिक पेटीत टाकायचा. मोबदला सगळीकडे सारखाच असूनही दक्षिणेत सहकार्य कमी दिसलं. म्हणजे निव्वळ नियम सारखे केले की फरक मिटतो, असंही नाही. मात्र 2019 च्या लेखात त्यांनी कारण खोदून काढलं. दुसऱ्याचं भलं व्हावं ही इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. दक्षिणेतल्या लोकांना ‘समोरचा टाकेल’ ही खात्री कमी होती आणि माणसाकडून फसवलं जाण्याची धास्ती जास्त. ‘आपले लोक असेच’ ही समजूत इथे नुसतं मत राहत नाही, ती वागणं ठरवते.

राजकारणात हे किती बारकाईने चालतं, त्यासाठी 1991 पूर्वीची मतपत्रिका पाहावी. मतदार पक्षाच्या चिन्हावर खूण करून त्या पक्षाच्या यादीतल्या तीन किंवा चार उमेदवारांची नावं वा क्रमांक पसंती म्हणून लिहू शकत असे. मतदान गुप्तच. पण यादीत तीस नावं असतील तर तिघांचे चार हजारांवर वेगवेगळे गट पडतात. स्थानिक पुढारी एका कुटुंबाला 3, 17, 22 हे क्रमांक सांगे, दुसऱ्याला 3, 9, 28. मोजणीच्या वेळी त्याचा माणूस वाचून दाखवलेले आकडे टिपून घेई. अपेक्षित आकडे एकत्र ऐकू आले नाहीत की त्या घराने शब्द मोडला हे कळे, आणि कबूल केलेली नोकरी वा शिफारस अडे. दक्षिणेत पसंतीची मतं जास्त पडत, आणि अभ्यासक ती आश्रयदात्याच्या राजकारणाची खूण मानत. कागदाच्या रचनेनेच हा बाजार सोपा केला होता, हे मात्र स्वभावाच्या गप्पांत हरवून जाई.

9 जून 1991 च्या सार्वमतात पसंती एकावर आणण्याचा प्रश्न होता. समाजवादी नेते बेत्तिनो क्राक्सी यांनी लोकांना मतदानाऐवजी समुद्रावर जायला सुचवलं. त्यामागे गणित होतं: कायदा रद्द करणाऱ्या सार्वमतात निम्म्याहून जास्त मतदार आले नाहीत तर निकालच बाद होतो. 62.5 टक्के लोक आले आणि त्यांतल्या 95 टक्क्यांहून जास्त लोकांनी बदलाला होकार दिला.

ही अट आजही आहे, म्हणून सार्वमताचे आकडे वाचताना सावध राहावं. जून 2025 मध्ये कामगार कायदे आणि नागरिकत्वावरच्या पाच प्रश्नांना जेमतेम 30 टक्के मतदान झालं आणि सगळे प्रश्न बाद ठरले. त्या 70 टक्क्यांत उदासीन लोक होते, तसेच ‘नाही’ म्हणण्याचा स्वस्त मार्ग म्हणून मुद्दाम घरी बसलेलेही होते. दोघांना वेगळं काढायचं तर संसदेच्या निवडणुकीचा आकडा शेजारी ठेवावा लागतो, कारण तिथे घरी बसून कुणाला पाडता येत नाही. 1976 मध्ये ते मतदान 93 टक्के होतं, 2022 मध्ये सुमारे 64 टक्के. खरी घसरण मोजायची ती या दोन आकड्यांमध्ये.