तीन फरश्या फिरल्या तरी अंगण तेवढंच

कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, दोष म्हणजे काय, तो सांगेल ब्लोहोल (ओतलेल्या धातूत अडकलेल्या वायूची पोकळी), क्रॅक आणि मग माल परत. त्यामुळे अणूंच्या मांडणीतला गोंधळच ज्याला टिकवून धरत असेल असाही धातू असतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोकंच चालेना.

क्वासिक्रिस्टल म्हणतात त्याला. साधा क्रिस्टल म्हणजे पेव्हर ब्लॉकचं अंगण, एकच नमुना परत परत. चौकोनी बसतात, षटकोनी बसतात, पण नियमित पंचकोनी लावून बघा, एका कोपऱ्यात तीन मांडले की ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट उरते आणि चौथा काय बसत नाही. म्हणून पाचाची सिमेट्री, म्हणजे एक पंचमांश फेरा फिरवला तरी मांडणी तशीच दिसणं, क्रिस्टलमध्ये अशक्य असंच शिकवायचे. ८ एप्रिल १९८२ ला इस्रायली शास्त्रज्ञ डॅन शेख्टमन यांना झटक्यात थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीजमध्ये नेमकी तीच दिसली. लायनस पॉलिंग यांनी, दोन नोबेल मिळवलेला माणूस, शेवटपर्यंत मानलं नाही. शेख्टमनना २०११ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता मांडणी कशी, तर गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या फरशीसारखी. एक जाडा समभुज चौकोन ७२ अंशांचा, एक बारका ३६ चा, कुठली कड कुठल्या कडेला जोडायची याचा नियम पाळला की या दोघांनी सगळी जमीन भरते, फट नाही, पण पेव्हर ब्लॉकसारखा ठरावीक अंतराने नमुना कधीच रिपीट होत नाही.

खरी गंमत दोषात आहे. दोन जाडे आणि एक बारका मिळून कुठेतरी एक षटकोन तयार झालेला असतो, आतल्या तीन फरश्या उचलून उलट्या रचल्या तरी षटकोनाची बाहेरची कड तीच राहते, शेजारच्याला पत्तासुद्धा लागत नाही. धातूत याचा अर्थ काही अणू छोटीशी उडी मारतात, याला फेझॉन फ्लिप म्हणतात. अशा उड्यांनी फरशा जोडायचा नियम कुठे कुठे मोडतो, पण एकूण पाचाची सिमेट्री टिकू शकते. आणि रचायचे प्रकार जितके जास्त तितकी एंट्रॉपी, म्हणजे गोंधळाचं माप, जास्त, म्हणून भट्टीच्या तापमानाला हा गोंधळच स्थिरता देतो असं एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो नाही, मुळात एनर्जीच कमी असते. मला पहिल्यांचं जास्त पटतं, कारण काही मिश्रणं तापलेली असताना क्वासिक्रिस्टल असतात आणि थंड होताना साध्या क्रिस्टलकडे वळतात. पण सगळीच तशी वागत नाहीत, तेव्हा वाद काय मिटलेला नाही.

मग वाकवायला गेलं की तुटतं का? साध्या धातूत अणूंची ओळ घसरते, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेसारखी, प्रत्येकजण एक पाऊल पुढे, रांग दिसायला तशीच. इथे प्रत्येक जागा वेगळी, एक पाऊल सरकलं की समोर भलताच शेजारी, म्हणजे घसरणाऱ्या दोषामागे चुकीच्या जोड्यांची एक भिंतच उरते. ती मिटवायला अणूंनी उड्या मारायला हव्यात आणि थंड धातूत त्या फार हळू होतात, म्हणून क्वासिक्रिस्टल खोलीच्या तापमानाला काचेसारखे ठिसूळ. भरपूर तापवला की मात्र नरम पडतो, वाकतो.

शेख्टमनचा पहिला तुकडा तापवला की साधा क्रिस्टल होऊन बसायचा. टिकणारा ॲल्युमिनियम-तांबं-लोखंडाचा १९८७ ला जपानात सापडला, आणि २००९ ला जवळपास तोच मसाला रशियाच्या चुकोटका भागातल्या दगडात निघाला, तो पुढे उल्केचा ठरला. त्या कणात फेझॉनचा गोंधळ अगदी कमी होता.