मिशन-यात्रा (कोकण किनारपट्टी)

ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, आपली माणसे परमुलखात सेवेसाठी व सुवार्तेसाठी (येशूचा संदेश सांगण्यासाठी) पाठवायची आणि त्यांनी तिथल्या मंडळीत राहून काम करायचे, या प्रथेला मिशन-यात्रा म्हणतात. बोलण्यात ‘मिशन ट्रिप’ किंवा नुसते ‘मिशनला जाणे’. पूर्वी असा माणूस बहुधा जन्मभरासाठी जाई. आज बऱ्याच यात्रा आठवड्या-दोन आठवड्यांत आटोपतात. परत आलेले लोक काम किती झाले यापेक्षा ‘तिथल्यांनी आम्हांला घरच्यासारखे वागवले’ हेच जास्त सांगतात. कोकणाला या प्रथेची दोन्ही टोके ठाऊक आहेत. या किनाऱ्यावर परदेशी मिशनरी उतरले, तसे इथून काही जण परदेशीही गेले.

इंग्लंडमध्ये जन्मलेले, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तिथेच वारले. गोव्यातल्या साष्टीत ते नवख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण देत. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी नवी का देत नाही, असे एका श्रोत्याने त्यांना विचारल्याचा प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवला आहे. त्यातून सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ तयार झाले आणि १६१६ मध्ये छापले गेले. श्रोत्यांना त्यांच्याच ओवीत काही द्यावे, ही आपुलकी खरी. पण पुराणे बंद करणारी पोर्तुगीज सत्ता आणि नवे पुराण रचणारा फादर एकाच ध्वजाखाली उभे होते, हेही तितकेच खरे. कोकणातल्या मिशनचा इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी सोबतच वाचाव्या लागतात.

स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले. त्यांच्यातले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले, तरी बाणकोट-हर्णै भागात शाळांचे काम चालू राहिले. जॉन व मार्गारेट विल्सन हे दांपत्य १८२९ मध्ये मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला हर्णैला गेले. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीची ये-जा आणि हे दोघे विद्यार्थी. पुढे विल्सन मोठे पंडित म्हणून गाजले, मुंबईच्या कॉलेजाला त्यांचे नाव लागले. मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्या वारल्या. मात्र मिशन-यात्रेच्या दृष्टीने हर्णैचे दिवस अधिक बोलके आहेत, कारण तिथे शिकवणारे गावचे होते आणि चुका करणारे पाहुणे. नंतरच्या काळात दापोलीची मिशन हायस्कूल आणि वेंगुर्ल्याचे सेंट लूक्स हॉस्पिटल यांनी किनाऱ्यावर मिशनला कायमचा पत्ता दिला.

इथून बाहेर गेलेल्यांत पहिले ठळक नाव वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानात व्यापार करताना ते जपानी भाषा शिकले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघात ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. तिथे फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालवले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर मारण्यात आले, त्यांत गोन्सालोही होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे.

जोसेफ वाझ यांची गोष्ट याहून जवळची वाटते. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत शिरले. किनारा डचांच्या ताब्यात होता, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती, म्हणून मजुराचा वेश. जाफन्यात पोहोचले तेच हगवणीने आजारी. चरित्रकार सांगतात की रस्त्याकडेला पडलेल्या या परक्या माणसाला एका बाईने पेज आणून दिली. बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत. माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, यावरून कॅथलिक घर कोणते हे ते ताडत. विखुरलेली मंडळी अशी एकेका उंबरठ्यावरून पुन्हा जोडली गेली. कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. १७११ मध्ये ते तिथेच वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित करण्यात आले. वाझ यांनी आधी घेतले आणि मग दिले. हा क्रम आजच्या बऱ्याच यात्रांत उलटा झालेला दिसतो.

अल्पकालीन यात्रांची लाट दुसऱ्या महायुद्धानंतरची. अशा यात्रा काढणाऱ्या ऑपरेशन मोबिलायझेशन या संस्थेचे मूळ १९५७ च्या मेक्सिको दौऱ्यात आहे. यूथ विथ अ मिशन ही तशीच संस्था १९६० मध्ये सुरू झाली. यात्रेकरूंना येणारा बंधुभावाचा अनुभव समजून घ्यायला अभ्यासक मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्या मांडणीचा आधार घेतात: रोजचे हुद्दे, पगार, नातीगोती बाजूला पडली की माणसे काही काळ सरळ एकमेकांसमोर येतात. एकत्र झोपणे, एकाच पातेल्यातले खाणे, परक्या बोलीत प्रार्थना ऐकणे, यांतून हे घडते. ते खोटे नसते, पण टिकते किती, हा प्रश्न उरतो. मिच चक्रीवादळानंतर मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकी गटांनी बांधलेली घरे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी तपासली. स्थानिकांनी बांधलेल्या घरांतल्या कुटुंबांपेक्षा या घरांतल्या कुटुंबांच्या आयुष्यात वेगळा फरक पडलेला दिसला नाही, आणि यात्रेला जाऊन आलेल्यांच्या दानधर्मातही फारसा बदल झाला नव्हता.

कोकणातल्या करजगावी जन्मलेले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांना ही गाठ आधीच दिसली होती. परदेशी पगार देतो आणि देशी माणूस नोकरी करतो, अशा नात्यात भाऊपणा येत नाही, हे ओळखून त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही खुला असलेला ‘देवाचा दरबार’ काढला.

यजमानांच्या बाजूने फार कमी लिहिले गेले आहे. किनाऱ्यावरच्या मंडळीत पाहुणे आले की रविवारच्या उपासनेनंतर जेवण पाळकाच्या (मंडळीच्या धर्मगुरूच्या) किंवा एखाद्या कुटुंबाच्या घरी असते: तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, सोलकढी. बायका पहाटेपासून चुलीशी असतात. पाहुण्यांच्या फोटोत पंगत येते, चूल येत नाही. आणि त्या दिवशीच्या सुरमईचा भाव पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

भारतात धर्मप्रचारासाठी येणाऱ्या परदेशी माणसाला मिशनरी व्हिसा घ्यावा लागतो. पर्यटन व्हिसावर प्रचार करता येत नाही. उलट दिशेने, वसईच्या किंवा वेंगुर्ल्याच्या यजमानाला त्याच पाहुण्याच्या गावी अमेरिकेत जायचे तर बँकेची कागदपत्रे जुळवून मुंबईत मुलाखतीला उभे राहावे लागते, आणि भारतात परत याल कशावरून, याचे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे परतभेटी क्वचितच होतात.