पूर-पूर्वसूचना : ठाणे व नवी मुंबई परिसर

पाऊस, नदीची पातळी, धरणाचा विसर्ग आणि भरतीची वेळ यांची सांगड घालून पाणी वस्तीत शिरण्याआधी इशारा देण्याची व्यवस्था. ठाणे जिल्ह्याला ती एकट्याने चालवता येत नाही. सुमारे १२२ किमी लांबीची उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि रायगड जिल्ह्यातील कर्जत, नेरळ ओलांडून ठाणे जिल्ह्यात येते. बदलापूरला पुरेसा अवधी हवा असेल, तर कर्जत-माथेरानचे पर्जन्यमापक पाहावे लागतात, आणि ते शेजारच्या जिल्ह्यात आहेत.

या व्यवस्थेचा आरंभ २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर झाला, असे सामान्यतः मानतात. त्याच वर्षीच्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे आली. तथापि नदीपातळीच्या नोंदी आणि धरणांवरून खाली जाणारे निरोप त्याआधीचे असल्याने २००५ हे पुनर्रचनेचे वर्ष म्हणणे अधिक योग्य.

बदलापूरच्या पुराचे कारण वादग्रस्त आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हाही बारवी धरणाकडे बोट दाखवले गेले. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत; जलाशय पूर्ण भरला की ते आपोआप उघडतात. त्यामुळे इशारा दरवाजे उघडल्यावर देऊन उपयोग नाही, तो जलाशय भरत असतानाच द्यावा लागतो. मात्र बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खालच्या अंगाला. वांगणी तर संगमाच्या बरीच वर आहे. संगमापाशी पाणी तुंबून फुगवटा मागे सरकतो, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, पण मुख्य कारण कर्जतच्या वरील घाटउतारावरचा पाऊस हेच अधिक पटते. पुणे जिल्ह्यातील ठोकरवाडी जलाशयाचे पाणी भिवपुरी वीजकेंद्रातून याच खोऱ्यात उतरते. ते जनित्रांच्या क्षमतेपुरते असल्याने त्याने पूर येत नाही. फुगलेल्या पात्रात भर मात्र पडते. म्हणजे निरोप तीन जिल्ह्यांतून यायला हवेत. बदलापूरला इशारा पातळी १६.५० मी. व धोका पातळी १७.५० मी. आहे. हा एक मीटर चढायला नदीला किती वेळ लागला, ही नोंद नुसत्या पातळीहून मोलाची असते.

कुलाब्याचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार रंगीत इशारे देते. २४ तासांत ६४.५ मिमी.पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. मुरबाडच्या घाटापासून मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यापर्यंत एकच रंग मिळतो, ही यातील मोठी उणीव. नवी मुंबईत अडचण वेगळी : वाशी-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-कामोठे रायगडमध्ये, एकाच पावसात दोन्हीकडे रंग वेगळा असू शकतो. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचे, पण ते खालापूर तालुक्यात असल्याने सांडव्याचा इशारा रायगडमधील धावरी नदीकाठच्या गावांना द्यावा लागतो.

नवी मुंबईचे बरेच नोड (नियोजित उपनगरे) भरतीरेषेखालील जमिनीवर भराव घालून वसवले आहेत. भरतीत खाडीकडील झडपांची दारे बंद होतात आणि पावसाचे पाणी धारण तलावांत साठते. ओहोटीत ते खाडीत सोडतात. म्हणून इथे इशारा मिळताच आधीच्या ओहोटीत तलाव रिता करणे हे पहिले काम. झडपेत लाकूड किंवा प्लॅस्टिक अडकले की खाडीचे पाणी उलटे आत येते. तलावांत गाळ साचून क्षमता घटते, आणि त्या गाळावर कांदळवन रुजले की ते संरक्षित असल्याने उपसा परवानगीत अडकतो.

देशपातळीवरील व आंतरराष्ट्रीय दुवे थोडक्यात असे : मुंबईसाठीची आयफ्लोज ही एकात्मिक पूर-इशारा प्रणाली जून २०२० मध्ये सुरू झाली. दक्षिण आशियाई आकस्मिक पूर मार्गदर्शन सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. भारतीय हवामान विभाग तिचे प्रादेशिक केंद्र असून ती भारतासह नेपाळ, भूतान, बांगलादेश व श्रीलंकेला सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांची जोखीम कळवते.

जिल्हा नियंत्रण कक्षातून निरोप तहसीलदार, तलाठी आणि पोलीस पाटील असा उतरतो. नदीकाठी दवंडी आणि भोंगा अजूनही उपयोगी ठरतात. विसर्ग सांगताना क्युसेक (सेकंदाला घनफूट) की क्युमेक (सेकंदाला घनमीटर) हे स्पष्ट बोलावे लागते. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक, फोनवर एकक गाळले, तर विसर्ग पस्तीसपट कमी किंवा जास्त ऐकला जातो.