डिस्क हँग होते तेव्हा आत काय चाललेलं असतं?

"बॅड सेक्टर आलेत? फॉरमॅट मार, होईल ठीक" हा सल्ला आपल्याकडे कुणीही देतं. (सेक्टर म्हणजे हार्ड डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा, बॅड म्हणजे जो नीट वाचता येत नाही.) आणि फॉरमॅटनंतर डिस्क बरी झाल्यासारखी वाटतेही! का, ते कळायला डिस्क चुका कशा पकडते ते बघावं लागेल, आणि तो भाग मला फार आवडतो, त्यामुळे जरा सहन करा.

डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, चकतीच्या वर जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि चकती मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे मारत असते. मग वाचताना चुका होतातच, कोऱ्या करकरीत डिस्कमध्येसुद्धा. तरी फोटो नीट उघडतो, कारण हल्लीच्या ४०९६ बाइटच्या प्रत्येक सेक्टरला साधारण १०० बाइट जास्तीचे जोडलेले असतात, निव्वळ चुकादुरुस्तीसाठी.

ही आयडिया बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या रिचर्ड हॅमिंगची. शनिवार-रविवारी तो मशीनला काम लावून जायचा, मशीनला चूक सापडली की ते काम टाकून पुढचं घ्यायचं, सोमवारी हा येऊन बघतो तर हातात काही नाही. चूक झाली हे मशीनला कळतं तर कुठे झाली ते का कळू नये, या वैतागातून त्याने १९५० मध्ये आपला कोड छापला. समजा चार बिट आहेत: १, ०, १, १. त्यांचे तीन गट करा: पहिला-दुसरा-चौथा, पहिला-तिसरा-चौथा, दुसरा-तिसरा-चौथा. प्रत्येक गटाला एक जादा बिट असा लावा की गटातल्या १ ची संख्या सम होईल. इथे ते येतात ०, १, ०. आता तिसरा बिट बिघडून ० झाला. पहिला गट समच राहतो, पण बाकीचे दोन विषम होतात. त्या दोन्हीत आहे पण पहिल्यात नाही असा बिट एकच, तिसरा. उलटवा त्याला, झालं काम! आजच्या डिस्कमध्ये याची बरीच पुढची आवृत्ती असते, रॉबर्ट गॅलागरने १९६० च्या सुमारास मांडलेली एलडीपीसी, पण मूळ युक्ती हीच, एकमेकांत अडकलेले गट.

चुका यापलीकडे गेल्या की डिस्क तोच सेक्टर परत परत वाचून बघते, तेव्हाच तुमचा कॉम्प्युटर हँग होतो. तरी जमलं नाही तर ती चुकीचा डेटा देत नाही, सरळ एरर देते आणि तो सेक्टर "पेंडिंग" धरते. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलंत तर सी५ नावाची ओळ दिसेल, ती या पेंडिंग सेक्टरांची संख्या, तिथे शून्यच हवं. या सेक्टरवर नवीन काही लिहिलं की मग डिस्क ठरवते, जागा चांगली असेल तर तीच वापरायची, नाहीतर राखीव सेक्टर द्यायचा. फुल फॉरमॅटने नेमकं हेच होतं, सी५ शून्यावर येतो, आपण खूश, आणि वाचवता आला असता तो डेटा कायमचा गेला.

म्हणून आधी कॉपी. चेकडिस्क स्लॅश आर ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड नंतर, कारण ते अख्खी डिस्क घासून वाचतं आणि डिस्क आधीच धापा टाकत असते. कॉपीसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू बरं, ते आधी सोपे भाग उचलतं, अवघड जागांकडे नंतर वळतं, कुठवर आलो ते फाइलमध्ये लिहूनही ठेवतं. टकटक आवाज येत असेल तर तेही नको, पॉवर काढा. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा फॉरवर्ड अजून फिरतोय, त्याने आत फक्त दव जमतं. दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार जरूर घाला, पण त्याच्या जोरावर बॅकअप टाळू नका राव.

आणि सी५ शून्य असूनही फाइली खराब होत असतील तर? लाइट गेल्याने असेल, एनटीएफएसचं (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलीचं नाव-साइज सांभाळतं, आतला मजकूर नाही. नाहीतर रॅम बघा. रॅममध्येच बिट उलटला तर डिस्क तो चुकीचा डेटा अगदी प्रामाणिकपणे, बरोबर कोडसकट जपून ठेवते आणि एरर कुठेच येत नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू ठेवा, एक जरी लाल ओळ आली तरी रॅम बदला, डिस्कला हात लावू नका.